निर्मनुष्य

नारिंगी जॅकेट. जीपचा तुटलेला अ‍ॅक्सल. अर्धी बाटली पाणी. फॉर्मवरचा एक शब्द.

थरच्या वाळवंटात तिन्हीसांज झाली होती. ऊर्जिताचा नवरा हेरंब कालपासून बेपत्ता होता आणि ड्रोन वरून पाठवत असलेली छायाचित्रं अप्रतिम होती. अंधुक उजेडातही वाळूची प्रत्येक लाट दिसत होती. फक्त माणूस दिसत नव्हता.

"मोघेकाका, अजून खाली घ्या ना," ती ड्रोन चालवणाऱ्या मोघेंना म्हणाली.

"ताई, चार फेऱ्या झाल्या. सकाळी रिकामी जीप सापडली, बरोबर तिच्यावरूनच उडतोय."

ऊर्जिता पडद्याकडे बघत राहिली. "मग जीप कुठंय?"

मोघे चष्मा काढून म्हणाले, "अंधारात कॅमेऱ्याला अर्धंच दिसतं. उरलेलं तो भागाचं वर्णन वाचून रंगवतो."

"कुठलं वर्णन?"

त्यांनी ड्रोनचा फॉर्म उघडला. कॅलेंडरच्या फोटोंसाठी तिनंच तो महिन्यापूर्वी भरला होता. 'निर्मनुष्य, अस्पर्श वाळवंट.'

"पुसा तो शब्द!"

"पुसला तरी त्याला नव्यानं शिकायला सकाळ होईल."

"मूळ फोटो तरी द्या. घाणेरडे असले तरी चालतील!"

"ते ठेवतच नाही तो."

उजेड कमी होत गेला, तसतशी छायाचित्रं अधिकच सुंदर होत गेली. ऊर्जिता टॉर्च घेऊन एकटीच वाळूत धावत सुटली.

पहिल्या फेरीच्या वेळी हेरंब ड्रोनच्या बरोबर खाली उभा राहून दोन्ही हातांनी जॅकेट हलवत होता.