वरचा मजला

घरातले सगळे नळ बंद होते, तरी मीटरचा काटा फिरत होता.

प्लंबर फाटकाशी उकिडवा बसून त्याच्याकडे बघत होता. घरमालक काका त्याच्या मागे उभे होते. गेले तीन महिने ते डोळ्यांत तेल घालून या काट्यावर नजर ठेवून होते. पाणी जातं कुठे, ते काही त्यांना उमगत नव्हतं.

"घरात पाणी जरा जास्तच वापरता का?" प्लंबरने विचारलं.

"आम्ही?" काका हसले. "आत या, दाखवतो."

घर बाहेरून चांगलं दुमजली, ऐटदार होतं. आत शिरला तेव्हा मात्र प्लंबरला क्षणभर काहीच दिसेना. बाहेर दुपारचे तीन वाजले होते. खालच्या दोन खोल्यांच्या खिडक्या शेजारच्या भिंतीवर उघडत होत्या, आणि दिवसाउजेडी दिवा लावणं काकांना मान्य नव्हतं. संध्याकाळीही एकच बारीकसा दिवा.

"सवय होते," काका म्हणाले.

मग त्यांनी त्याला घर दाखवलं, एखाद्याने बाग दाखवावी तसं. भाजी धुतलेलं पाणी या बादलीत, ते कुंड्यांना. कपडे विसळलेलं त्या बादलीत, ते फरशीला. साबणाच्या उरलेल्या चिपा एका फडक्यात बांधलेल्या. पत्रांच्या कोऱ्या पाठी कापून केलेली वही. काकांनी जन्मभर लोकांच्या घरांचे नकाशे काढले होते. रेघ न् रेघ मोजून काढायची सवय नोकरीबरोबर सुटली नव्हती.

काकू ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी प्लंबरसाठी कपात चहा ओतला. कपाच्या काठावरून आत बोट धरलं होतं. चहा बोटाला लागताच ओतणं थांबवलं. या घरात चहासुद्धा मापाने मिळतो, असं प्लंबरच्या मनात आलं आणि त्याला हसू आलं.

"पाणी वर वाहतंय," काकू म्हणाल्या. "मी केव्हाची सांगतेय. मला ऐकू येतं."

"वर कोण आहे पाणी वापरायला?" काका म्हणाले. "वरचा मजला बंद आहे."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे कुलूप आहे."

प्लंबरने चहाचा कप खाली ठेवला. त्याने कान देऊन ऐकलं, पण त्याला काही ऐकू आलं नाही. तरी तो म्हणाला, "एकदा बघून तर येऊ."

जिना चढता चढता काकांनी त्याला सगळं सांगितलं. घर बांधलं ते या मजल्यासाठीच. समोर तलाव, म्हणून ही जागा दुप्पट भावाने घेतली. निवृत्तीचे सगळे पैसे ओतले. दिवाणखाना, दोन खोल्या, भिंतभर रुंद खिडकी. सामानही त्याच वेळी घेतलं. पण राहायला गेलं की सगळं झिजणार, डागाळणार. सुरुवातीला काकू मागे लागायच्या, चला ना वर राहू. मुलीचं लग्न होऊ दे, मग जाऊ, असं ठरलं. लग्न झालं. मग नातवंडं आल्यावर जाऊ, असं ठरलं. नातवंडं आली, दोन दिवस खालीच राहून गेली. पुढे काकूंचे गुडघे धरले. दोन वर्षांत त्या दाराबाहेरही फारशा पडल्या नव्हत्या. वर जायचं नाव त्यांनी सोडून दिलं.

"किती वर्षं झाली?" प्लंबरने विचारलं.

"बारा."

कुलूप उघडलं. आत गुडूप अंधार होता. वरचे बल्ब काकांनी केव्हाच काढून खाली नेले होते. प्लंबर चाचपडत पुढे गेला आणि जाडजूड पडदा दोन्ही हातांनी बाजूला सारला.

"अहो, पडदा नको," काका म्हणाले. "सोफ्याचा रंग..."

ते तिथेच थांबले. बंद काचेपलीकडे तलाव होता. ऊन आत येत नव्हतं, नुसता उजेड येत होता. मऊ, भरपूर, छतापर्यंत. पाण्यावर पांढरे पक्षी बसले होते. काका तिथे पुतळ्यासारखे उभे राहिले.

प्लंबर न्हाणीघरात गेला. फ्लशच्या टाकीतला, टाकी भरली की पाणी बंद करणारा फुगा अडकला होता. पाण्याची बारीक धार रात्रंदिवस गटारात चालली होती. काकूंचे कान खरंच तिखट होते. पाच मिनिटांत त्याने ती थांबवली.

तो बाहेर आला तेव्हा काका जिन्याच्या तोंडाशी होते.

"अगं, वर ये," ते खाली हाक मारत होते. "सावकाश ये. घाई नाही."

काकू एकेक पायरी चढत आल्या. एक हात कठड्यावर, दुसरा भिंतीवर. प्लंबरने हत्यारं आवरायला घेतली, पण तो निघाला नाही. बारा वर्षांनी या बाई काय म्हणतात, ते त्याला ऐकायचं होतं.

काकांनी त्यांचा हात धरून त्यांना खिडकीपाशी नेलं.

"आजपासून इथेच राहायचं. सगळं सामान आजच वर आणू. खाली काही ठेवायचं नाही."

"खरंच?"

"खरंच."

काकू काचेसमोर उभ्या राहिल्या. सगळा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर होता. पापणीचा एकेक केस दिसत होता. त्या हसल्या. केस नीट केले, पदर सारखा केला, कुणाकडे पाहुणी म्हणून गेल्यासारखं. मग बराच वेळ तशाच समोर बघत राहिल्या.

"मग आता वाट कसली बघताय?" त्या म्हणाल्या. "उघडा ना तो पडदा."