पाचवा घाणा

"कडकच झालं," चंद्रभान पुटपुटला. "दगड चारून राह्यली मले."

त्यानं बिस्किटाचा तुकडा या गालातून त्या गालात फिरवला. वर चहाचा घोट घेतला. मान पुढं काढून गिळून पाहिलं आणि शेवटी तुकडा रुमालात काढून घेतला. कोकिळेनं तेवढ्यात शेगडीकडं तोंड फिरवलं. नवऱ्याला गिळताना पाहायचं नाही, हे तिनं दिवाळीपासून ठरवून टाकलं होतं.

हा चौथा घाणा.

सिंदीच्या कापूसबाजारात चंद्रभान लिलावाची बोली पुकारायचा. त्याचा आवाज रेल्वेच्या फलाटापर्यंत जाई. उभ्या गाडीतली माणसं खिडकीतून डोकावून पाहत. आता त्याची हाक माजघरातून अंगणात येत नव्हती. लोक म्हणाले, आवाज थंडीनं बसला. थंडी सरली तेव्हा म्हणाले, धुरळ्यानं बसला.

मिशन दवाखान्यातल्या सिस्टरनं त्याचा गळा बोटांनी चाचपला होता. तिनं कोकिळेला ओटचा डबा दिला, चॉकलेटची एक वडी दिली आणि बिस्किटांची कृती सांगितली. लोणी, दूध, मनुका, खजूर. "नरम ठेव. पोटात काहीतरी गेलं पाहिजे." आणि एक चिठ्ठी दिली, नागपूरच्या मोठ्या दवाखान्यासाठी. "लगेच जा," असं ती दोनदा म्हणाली होती.

घरी आल्यावर चंद्रभाननं चिठ्ठीची घडी करून ती डब्याच्या तळाशी घातली आणि वर ओट ओतले. "हे संपले का जाऊ," तो म्हणाला.

गल्लीला मात्र काम मिळालं. ओटला सगळे विलायती पोहे म्हणत. ते आधी कोणी पाहिलेही नव्हते, पण सल्ले सगळ्यांकडं होते. वच्छलाबाई म्हणाल्या, लोणी वाढव. पलीकडची म्हणाली, वरचे निखारे कमी कर. किसनरावांनी जन्मात शेगडी पेटवली नव्हती. त्यांनी भाजायच्या घमेल्यातल्या रेतीला दोष दिला. नाल्याची नको, नदीची पायजे. बिस्किटांवर जो तो भरभरून बोले. चंद्रभानच्या गळ्यातल्या मफलरवर नजर गेली, की लगेच कापसाचा भाव निघे. फाल्गुन लागला होता. ऊन अंगणात टिकू देत नव्हतं. मफलर मात्र उतरला नव्हता.

दुपारी कोकिळेनं पाचव्या घाण्याची तयारी केली. खजूर आणि चॉकलेट तिनं अडकित्त्यानं कातरलं. अडकित्ता आता रिकामाच असायचा. चंद्रभाननं सुपारी सोडली होती. सोडली, असं तो सांगायचा. तिनं डबा परातीत उपडा केला. शेवटचे दोन मुठी ओट पडले आणि त्यांच्यावर चिठ्ठी. तिनं ती झटकली, कनवटीला खोचली आणि पीठ कालवायला घेतलं.

घमेल्यातली रेती तापली. तिनं रेतीवर ताटली ठेवली, वर झाकण, झाकणावर निखारे. घरभर लोण्याचा वास सुटला. घाणा उतरल्यावर एक बिस्कीट तिनं नेहमीप्रमाणं शेगडीजवळ उभ्या उभ्या खाल्लं. ते कसं लागलं, हे तिला पाचही वेळा कोणी विचारलं नाही.

तेवढ्यात देवळीहून देवकाबाई आल्या. चंद्रभानची आत्या. तोंडात औषधालाही दात नव्हता. भाकर दुधात कुस्करूनच खायच्या.

"काऊन रे बापू, इतला वाळला?"

"जेवन जात नाई आत्या. अन् हे अशी बिस्किटं करते. लोखंड बरं."

"सुनबाई, माहेरी काई शिकवलं का नाई वं तुले?" देवकाबाई हसल्या. "आण इकडं. पाहू दे तुहं लोखंड."

कोकिळेनं बशी मधे ठेवली. चहाचे दोन कप ठेवले. चंद्रभाननं एक कण तोडला. तो तोंडात फिरवला. मान पुढं काढली. हात मफलरवर गेला, मग रुमालाकडं. "कडक," तो म्हणाला. या वेळी नुसते ओठ हलले.

देवकाबाईंनी आख्खं बिस्कीट तोंडात टाकलं. हिरड्यांवर दोनदा दाबलं, गिळलं. बोटाला लागलेलं चॉकलेट चाटलं. दुसरं उचललं. तेही निम्मं संपलं, आणि मग त्यांचा हात जागीच थांबला. त्यांनी बशीकडं पाहिलं. रुमालाकडं पाहिलं. मफलरकडं पाहिलं.

"म्या चहात बुडवून खाल्लं ना," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "म्हनून गेलं. नाई तं कडकच हाये."

त्यांचा कप काठोकाठ भरलेला होता. वर साय धरली होती.

"पाह्य," चंद्रभान घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आत्याबी तेच म्हनते. पुढच्या बारीले लोनी जास्त टाकजो."

देवकाबाईंनी मान डोलावली. कोकिळेनं रिकामा डबा आणून त्याच्यासमोर उपडा ठेवला. कनवटीची चिठ्ठी काढून त्यावर ठेवली. चिठ्ठीच्या घडीत ओटचा एक चपटा दाणा अडकला होता. तो तिनं नखानं काढला. मग खुंटीवरचा त्याचा कोट काढून आपल्या हातावर घेतला.

"उठा. गाडीले अजून टाइम हाये."

"काऊन? काय झालं?"

दिवाळीपासून टाळत आलेल्या त्याच्या गळ्याकडं तिनं आज पाहिलं, आणि नजर हलवली नाही.

"बिस्किटं नरम हायेत," ती म्हणाली. "पह्यल्या घान्यापासून नरमच होती."