ओवीतला भाऊ

कोल्हारच्या मुक्ताबाईनं जात्यावर ओवी धरली, की प्रवरेच्या पल्याडचे बैल वैरण सोडून कान टवकारायचे. खोटं वाटत असेल तर बैलांनाच विचारा.

एकाहत्तर साली तिच्या लेकीची हळद दळायला बाया बसल्या, तोच मुंबईहून आलेला तिचा पाठचा भाऊ रंगनाथ मध्ये आडवा आला.

"अक्का, दळ, पन गाऊ नको. ह्या ओव्यांची तबकडी निघतीया. मी त्यांचे हक्क कंपनीला इकलेत. आता कुनालाबी इचारल्याबिगर म्हनता यायच्या न्हाईत."

"आरं, आजीच्या आजीपासनं समद्या बायांच्या हायत ह्या! तुझ्या एकट्याच्या कशा झाल्या?"

"कंपनीला तुझ्या आवाजाची टेप ऐकवली. दर ओवीत नाव कुनाचं हाय? माझंच की!"

जातं थांबलं. ओवीत बाई आपल्या भावाचं नाव गुंफते, ही रीत कंपनीच्या सायबांना काय ठाऊक! पण रंगनाथाला चांगली ठाऊक होती. दिवाळीत त्यानं टेप केली, तेव्हा मुक्ताबाईनं त्याचं नाव जरा जास्तच लाडानं घातलं होतं.

तिनं खुंटा पुन्हा धरला. "म्हना गं बायांनो. जिनं तिनं आपल्या भावाचं नाव घाला."

ओवी तीच राहिली आणि दर बाईगणिक भाऊ बदलत गेला. चांगुणानं गोरक्षाला गायलं, शेजारच्या फरीदानं इब्राहिमला.

 

मुक्ताबाईची पाळी आली, तेव्हा रंगनाथ समोर उभा असताना तिनं, भाऊ नसलेल्या बाया घालतात तसं, दारातल्या लिंबाचं नाव घातलं.