चार आणि सहा

सौंसरच्या शाळेतल्या यमुनाबाईंचा डावा पाय पोलिओनं लहान राहिलेला. बुटात चिंध्या कोंबून त्या चालत. शाळेची सहल पचमढीला निघाली, तेव्हा पायाला सोसतील आणि चारचौघींत शोभतीलही असे बूट घ्यायला त्या पांढुर्ण्याला गेल्या. दुकानातल्या म्हाताऱ्या मोतीरामनं पट्ट्याचे तपकिरी बूट काढले, चार नंबरचे आणि सहाचेही. दोन मापांचे दोन बूट मागायला बाईंची जीभ रेटेना. मोतीराम फळीकडे वळताच त्यांनी दोन्ही डब्यांतले डावे बूट आपसांत बदलले, आणि पैसे चुकते करून सहाचा डबा घेऊन निघाल्या.

पचमढीत त्या जन्मात पहिल्यांदा सगळ्यांच्या बरोबरीनं चालल्या. पण घरी आल्यावर ते बूट डोळ्यांसमोर नकोसे झाले. महिन्याभरानं त्या दुकानात गेल्या आणि मान खाली घालून मालकाला सगळं सांगितलं.

"माह्यामुळं तुमचा एक जोड वाया गेला. तो बी मीच नेते."

मालक गल्ल्यावरून उठला.

 

"काय सांगून राह्यल्या बाई तुमी? मोतीराम तर म्हणे, डबे भरतानी माह्याच हातून गलती झाली. मी त्याले कामावरून काढून टाकलं."