थुंकीच्या तीन डब्या

खार्किवकडच्या त्या गावावर तोफगोळे पडत असले तरी परिचारिका ओदार्का सायकल काढायचीच. क्षयाच्या गोळ्या रोग्याने आपल्या डोळ्यांदेखत गिळाव्यात, असा तिचा नेम. त्या सकाळी ती जरा लवकरच क्षयाचे जुने रोगी पनासकाका यांच्याकडे पोहोचली. तिने काल गावातल्या तीन रोग्यांना तपासणीसाठी वाटलेल्या थुंकीच्या तिन्ही डब्या काकांच्याच टेबलावर होत्या, आणि काका एकेकीत थुंकून झाकण लावत होते. एका डबीवर तिच्याच अक्षरात तिच्या नवऱ्याचं, मिरोनचं, नाव होतं. "काका, हे काय?" म्हातारा ओशाळला. "क्षय निघाला की सैन्यात नेत नाहीत, पोरी. म्हणून तर तू दिलेल्या गोळ्या मी गालात धरून मागाहून थुंकतो. मी बरा झालो तर ह्या पोरांनी कुणाकडे जायचं?" "म्हणजे मिरोनला काहीच झालेलं नाही?" "बैलासारखा धडधाकट आहे तो."  चार महिने ओदार्का नवऱ्याची भांडी वेगळी उकळत होती. लागण नको म्हणून पाच वर्षांच्या लेकीला तिने पोल्टाव्याला आजीकडे धाडलं होतं. पोर गाडीत चढताना रडत होती, आणि हा दाराआड उभा राहून खोकत होता. ती घरी परतली तेव्हा मिरोनने सवयीने हात पुढे केला. "आण माझ्या गोळ्या." "तुला नकोत त्या," ती म्हणाली. "उद्या जिल्ह्याची एक्स-रे गाडी येतेय. यादीत पहिलं नाव तुझं घातलंय मी."