चौथा खडा

कळ उठली तेव्हा सळ्यांचा भारा हवेत होता.

टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये बसलेल्या ड्रायव्हरने ती लगेच ओळखली. जुनी ओळख होती. आधी पाठीत, मग कुशीत, मग थेट जांघेपर्यंत. याआधी तीनदा येऊन गेली होती, पण दरवेळी घरी. कामावर ती पहिल्यांदाच आली.

"काका, डावीकडे घ्या. अजून थोडं," वॉकीटॉकीवर आवाज आला. खाली उभी राहून खुणा देणारी बाई बोलत होती.

त्याने डावीकडे घेतलं. डोळ्यांपुढे अंधारी येत होती. भाऱ्याखालून कुणी जायचं नाही असा नियम होता, आणि तो नियम करणारा सुपरवायझर नेमका तिथूनच फोनवर बोलत चालला होता. ड्रायव्हरने दातावर दात आवळले आणि दांडा सोडला नाही. भारा पुढे सरकला आणि अलगद जमिनीला टेकला.

"झकास," खालून आवाज आला.

मग तो केबिनमध्येच ओकला. फडक्याने सगळं पुसलं आणि शिडीला कवटाळत खाली उतरला.

दवाखान्यात मूतखडा काढला. हा चौथा.

"तुमच्या वडिलांनाही खडे होते. तुम्हाला दोन्ही बाजूंना होतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुन्हा होणार असं धरूनच चालायचं, आणि होऊ द्यायचा नाही. पथ्य काय करता?"

पथ्याच्या बाबतीत त्याला कुणी नावं ठेवली नसती. शेजाऱ्याने सांगितलं म्हणून टोमॅटो सोडला होता. मेव्हण्याने सांगितलं म्हणून पालक. साडूने सांगितलं म्हणून दूध. साडूने बिअर सुरू करायलाही सांगितलं होतं, पण ते पथ्य बायकोने होऊ दिलं नाही.

"दूध पुन्हा सुरू करा. मीठ कमी करा. लिंबू घेत जा, चांगलं असतं. आणि पाणी?"

"पितो की."

"किती?"

"घरी गेल्यावर भरपूर."

"थापा मारतायत," शेजारी बसलेली बायको म्हणाली. "डब्याबरोबर बाटली देते, ती भरलेलीच परत येते. मी ते पाणी झाडाला घालते. झाड बघा येऊन, काय तरारलंय."

"का पीत नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बाईमाणसाला सांगायची गोष्ट नव्हती. पण बायकोने कोपर मारलं.

"वर बाथरूम नाही," तो म्हणाला. "उतरून पुन्हा चढायचं म्हणजे खालचं सगळं काम ठप्प. एवढी माणसं एका लघवीसाठी खोळंबवून ठेवायची?"

"बाकीचे ड्रायव्हर काय करतात?"

"रिकामी बाटली नेतात. पण केबिन चारी बाजूंनी काचेची आहे."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मग माझंच चुकलं. दरवेळी मी तुम्हाला पाणी प्या म्हणून सांगत बसले. लघवीला जा म्हणून सांगायला हवं होतं."

कामावर परतला त्या दिवशी त्याने बाटली औषधासारखी, डोळे मिटून संपवली. व्हायचं ते झालं. त्याने वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

"क्रेन थांबवतोय. खाली येतोय."

"का? काय झालं?" सुपरवायझर ओरडला.

"लागलीय."

साइटवर जितके वॉकीटॉकी होते तितक्या ठिकाणी हसू फुटलं. तो उतरला तेव्हा सुपरवायझर शिडीच्या तोंडाशीच उभा होता.

"काका, हे रोज चालायचं नाही. तुम्ही उतरलात की इथली वीटसुद्धा हलत नाही."

"त्या दिवशी कळ आली ना, तेव्हा सळ्या कुणाच्या डोक्यावर होत्या?"

सुपरवायझरने आठवून पाहिलं. मग हेल्मेट काढलं, डोक्यावरून हात फिरवला आणि हेल्मेट पुन्हा घातलं.

"जाऊन या," तो म्हणाला.

तेव्हापासून तो सकाळी एकदा आणि दुपारी एकदा उतरायला लागला. लाज मात्र गेली नाही. मान खाली घालून जायचा, तसाच परत यायचा. आपल्यापायी सगळे ताटकळतात, मनात शिव्या घालत असतील, याची त्याला खात्रीच होती. एकदा स्लॅबचं काम घाईवर आलं. आज नको, असं म्हणून त्याने बाटलीचं झाकणच उघडलं नाही.

दुपार कलायला लागली तसा वॉकीटॉकी खरखरला.

"काका, आज पाणी नाही का प्यायलात?" खुणा देणारी दबक्या आवाजात विचारत होती.

"नाही. का?"

"प्या ना हो पटकन. तुम्ही उतरलात तरच आम्हा बायकांना जायला मिळतं."