चावी कोणी ठेवायची?

काटा पुन्हा लाल रेषेला टेकला आणि मिस्त्रीणबाईंनी खुशीत मांडीवर थाप मारली.

"तापला बघा," त्या म्हणाल्या.

दुसरं कोणी असतं तर कपाळाला हात लावून बसलं असतं. सव्वीस वर्षांचा ट्रक. थर्मोस्टॅट नवा घातला होता, पाण्याचा पंप ठणठणीत होता, रेडिएटर आतून धुऊन काढला होता, आणि तरी पठ्ठ्या तापतच होता. केबिनचा हीटर दहा वर्षांपूर्वीच मेला होता, पण त्याचा इंजिन तापण्याशी काही संबंध नव्हता. बाईंना सरळ बिघाडात रस नसे. बिघाड हुलकावणी द्यायला लागला की मात्र त्यांना तहानभूक आठवत नसे. सकाळचा चहा साय धरून तसाच पडला होता.

गॅरेजच्या एका टोकाला थोरला भाऊ स्टुलावर बसला होता, दुसऱ्या टोकाला धाकटा जुन्या टायरवर. मधे ट्रक. तो वडिलांनी घेतलेला, आता दोघांचा मिळून एक. थोरला पहाटे माल घेऊन घाट ओलांडायचा, धाकटा अंधार पडल्यावर. दोघांकडे एकेक चावी होती आणि दोघांत वर्षभराचा अबोला होता. कशावरून, ते विचारलं असतं तर दोघांनाही धड सांगता आलं नसतं. त्यात तीन आठवड्यांपासून ट्रक घाटात उकळायला लागला आणि दोघांनी एकमेकांवर खापर फोडलं. शेवटी बाईंच्या साक्षीने ठरलं: ज्याची चूक निघेल, त्याने आपली चावी ठेवायची आणि गाडीवरचा हक्क सोडायचा.

"त्याला सांगा, सगळा घाट क्लचवर पाय ठेवून चढला की असंच होणार," थोरला म्हणाला.

"आणि त्याला सांगा, गाडीत पाणीपण घालावं लागतं," धाकटा म्हणाला. पुढचं बोलणं खोकल्यात गेलं. खिशातून इनहेलर काढून त्याने दोनदा ओढला.

"मी काय टपाल वाटायला बसलेय?" बाई म्हणाल्या. पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. पाणी, पाणी, पाणी. सकाळपासून सगळे पाण्याच्याच मागे लागलो आहोत. हवेचं कोणी विचारलंच नाही.

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं, इंजिन चालू ठेवलं आणि पान ट्रकच्या समोरच्या जाळीपुढे धरलं. आतला फॅन हवा ओढतो, त्या ओढीने कागद जाळीला चिकटायला हवा. त्यांनी हात सोडला. पान सरळ खाली पडलं.

बाई लगबगीने केबिनकडे वळल्या. इंजिन बंद केलं, पाना घेतला, जाळीचे चार बोल्ट भराभर काढले. जाळीमागे, रेडिएटरचा अर्धा भाग झाकून, एक जाड पुठ्ठा तारेने बांधला होता. बाहेरून दिसू नये म्हणून काळा रंगवलेला. कापला होता अगदी मापात.

धाकटा उठून उभा राहिला. "हे माझं काम नाही." त्याला आनंद लपवता येत नव्हता.

थोरल्याने नाही म्हटलं नाही. तो गुडघ्यावर हात दाबून उठायला गेला, पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा जमलं. "मीच लावला," तो बाईंना म्हणाला.

"का पण?"

त्याने चावी काढून टूलबॉक्सवर ठेवली आणि लंगडत दाराकडे निघाला. एवढ्यात इंजिन पुन्हा सुरू झालं. बाईंना राहवत नव्हतं. पुठ्ठा काढून टाकून त्यांनी तेच पान थेट रेडिएटरवर धरलं. ते चिकटलं, पण कसंबसं, आणि हळूहळू घसरत खाली आलं.

"थांबा, कोणी जायचं नाही," बाई ओरडल्या. "एकट्या पुठ्ठ्याने एवढं तापत नाही."

इंजिन बंद करून त्यांनी फॅनपर्यंत हात घातला आणि पात्यावरून बोट फिरवलं. मग त्या एकट्याच हसायला लागल्या. पात्यांचा बाक भलत्याच बाजूला होता. कोणीतरी फॅन काढून उलटा बसवला होता. असा फॅन फिरतो मोठ्या ऐटीत, पण हवा ओढतो नावापुरती. बोल्टांवर पान्याचे ताजे ओरखडे होते.

"काय डोकं लावलंय," त्या म्हणाल्या. "दोन्हींतलं एकच असतं, तर या म्हाताऱ्याने निभावून नेलं असतं. दोन्ही एकदम केलंत, मग उकळेल नाहीतर काय. फॅन कोणी फिरवला?"

थोरला दारातच थांबला होता. त्याने खरंच काही न कळून मान हलवली. बाईंनी धाकट्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. त्याने खिशातून चावी काढली आणि टूलबॉक्सवर दुसरीच्या शेजारी ठेवली.

"मी," तो म्हणाला. "हीटर बंद आहे. इंजिन तापलं तरच केबिन ऊबदार राहते. पहाटेच्या गारठ्यात याचे गुडघे धरतात. दाराला लोंबकळून उतरतो. मी खिडकीतून रोज बघतो."

मग धाकटा थेट थोरल्याकडे वळला.

"पण दादा, तू पुठ्ठा कशाला लावलास?"

थोरल्याने त्याच्या हातातल्या इनहेलरकडे बोट दाखवलं.

"रात्री घाटात तुझी छाती भरते," तो म्हणाला.